तहाची बातमी

पुस्तकात साडेचार ओळी आहेत.
चहाच्या पेट्या, बंदर, तेरा वसाहती,
मग एक कंस, कंसात सालं.
मी त्या फळ्यावर उतरवतो
तेव्हा खिडकीबाहेर सावित्रीच्या मुखाशी
भरती चढत असते, गढूळ,
आपल्या वेळेनं.

बाणकोटच्या शाळेत नववीचा इतिहास आठव्या तासाला.
तोवर पोरांच्या डोळ्यांत डबा उतरलेला.
आज तिसऱ्या बाकावरून रुबिना होडेकर उठली:
"सर, त्या लढाईत आपला कोण होता काय?"
कोणत्या लढाईत?
"कुठल्या पण. आमच्यातले जहाजावरच असतात ना."
वर्ग हसला.

मी खडू ठेवला. सांगितलं,
ज्या कंपनीचा चहा तिथं पाण्यात पडला
तिचंच निशाण सतरा वर्षं आधी
या वरच्या किल्ल्यावर चढलं होतं.
तिथं हरलेला सेनापती
पुढं आपल्याकडं मोठ्या हुद्द्यावर आला.
(हरलेली माणसं आपल्याकडं बढतीवर येतात,
हे मी सांगितलं नाही. साहेब तपासणीला यायचे आहेत.)

मग दुसरं युद्ध. तेही संपलं,
नाताळच्या आदल्या दिवशी, परक्या गावात, मेजावर.
शाई वाळली.
पण तहाला पाय नसतात,
त्याला शीड लागतं, आणि शिडाला वारा.
पंधरा दिवसांनी एका मोठ्या नदीच्या तोंडाशी
दोन हजार माणसं पडली,
पेटीत बंद असलेल्या शांततेत.

आणि सहा महिन्यांनी, पार जावाजवळ,
मुंबईहून गेलेलं कंपनीचं छोटं जहाज
अमेरिकन जहाजासमोर आलं.
इकडून ओरडून सांगितलं: तह झालाय!
तिकडून: मग निशाण उतरव.
निशाण उतरलं नाही.
पाव तासही लागला नाही.

मेलेल्यांत लास्कर होते. मी वाचलेल्या कागदावर
त्यांचा नुसता आकडा.
आकड्याला गाव नसतं.

म्हणून मी एकाला दिलं. शहाबुद्दीन, वेसवीचा.
त्याला कुणाचं स्वातंत्र्य, कुणाचा चहा
काही ठाऊक नव्हतं. परबाण ठाऊक होती,
दामण कधी सोडायची ते हाताला ठाऊक होतं.
तो पडला तेव्हा इथं आषाढ,
होड्या झापांखाली, बंदर बंद.
बातमी आली असेल गौरी गेल्यावर.
तोवर त्याच्या वाटणीचे तांदूळ
कुणी वेगळे मोजत राहिलं असेल.
म्हणजे तह झाल्यावर तो सहा महिन्यांनी मेला
आणि मेल्यावर अडीच महिने
वेसवीत जिवंत होता.

वर्गात कुणी बोललं नाही.
मागून प्रथमेश पाटेकरनं विचारलं,
हे परीक्षेला आहे काय?
नाही.
त्यानं वही मिटली.

संध्याकाळी जेटीवर फेरीची वाट बघताना
रुबिना दिसली, फोन उंच धरून,
जिथं रेंज येते म्हणतात त्या खांबाजवळ.
बाप टँकरवर. कुठल्याशा आखातात.
तिथंही काहीतरी चाललंय,
बातम्यांत नकाशा दाखवतात, लाल बाण.

"परवापासून एकच टिक आहे, सर."

मी म्हटलं, येईल दुसरी.
इतिहासाच्या मास्तरानं असं म्हणू नये.
फेरीनं भोंगा दिला. ओहोटी लागली होती,
आणि फळी उतरवायला चिखलाशिवाय काही नव्हतं.