दुरुस्तीपलीकडे

ओझरच्या कारखान्यात बाबा रिव्हेट ठोकायचे
मिगच्या पोटात आडवं शिरून, सत्तावीस वर्षं.
रशियन येत होतं ते मॅन्युअलपुरतं :
दाब. तेल. गळती. उघडू नये.

गेन्नादी अर्काद्येविच कायमचा इर्कुत्स्कला निघाला
तेव्हा टाउनशिपच्या फाटकात एक कॅसेट देऊन गेला.
म्हणाला, यात भाचा ड्रम वाजवतो.
बाबांनी घरी सांगितलं, ढोल.
वर शाईनं नाव : सीझी पेपेल.
सीझी बाबांना ठाऊक नव्हतं.
पेपेल ठाऊक होतं, इंजिन जळून उरतं ते.

मी नववीत. टेपरेकॉर्डर फ्रिजवर.
तिसऱ्या सेकंदाला आईनं सूप खाली ठेवलं,
म्हणाली, टेप अडकली बघा.
अडकली नव्हती.
तांबट आळीतली सगळी दुकानं एकदम सुरू व्हावीत
आणि कुणीतरी कोरड्या विहिरीत उतरून
तळातून वर शिव्या घालाव्यात,
तसं ते होतं.
बाबा मान हलवत राहिले.
चार नंबरची गन, म्हणाले. हवेचा दाब बरोबर आहे.

कॅसेटच्या घडीत मुंगीएवढ्या अक्षरांत गाणी होती.
रात्रपाळी नसेल तेव्हा पाठकोऱ्या जॉबकार्डावर
बाबा ती मराठीत उतरवत बसायचे.
सेर्त्से शब्दाला अडले.
सेर्देच्निक माहीत होता : कॉइलच्या आतलं लोखंड.
म्हणून आमच्याकडे त्या ओळीत
'माझा गाभा गंजला आहे' असं आहे.
मरण मॅन्युअलमध्ये नव्हतं.
तिथं लिहिलं : बिघाड, दुरुस्तीपलीकडे.
आणि दुशापुढे नुसती टिंबं.
पुढे मी शब्दकोशात पाहिलं. आत्मा.
भरलं नाही.

ती पहिली कॅसेट बॉयलरच्या खोलीत झाली, उणे एकतीसमध्ये.
वाजवण्याआधी बोटं पाइपाला चिकटवून धरायचे म्हणे.
दुसरीत वेग असा, की भाच्याचं मनगट सुजून
अर्ध्या गाण्यांत एकच हात ऐकू येतो.
तिसरीत नवा गायक, कीबोर्ड, चकचकीत कव्हर;
कुणाला तरी मॉस्कोला जायचं होतं, हे लपत नाही.
द्वारकेच्या सिग्नलला ती मी दोनदा लावली, दोनदा काढली.

मग नऊ वर्षं काही नाही.
गेन्नादीचं एक पत्र : पहिला गायक ट्राम चालवतो.
गिटारवाला गेला.
कशानं, ते नव्हतं.
बाबांनी आईला वाचून दाखवताना
तेच शब्द वापरले, जॉबकार्डावरचे.

चौथी आली ती सीडी. एकच गाणं, एकेचाळीस मिनिटं.
एक ठोका. थांबा. इतकं थांबा
की बाहेर भंगारवाला येऊन जातो. मग दुसरा.
ओरडणं नाही. ट्रामवाला परत आलाय
आणि दातांमागून नुसता श्वास सोडतोय,
गिटारची जागा मोकळी सोडून,
पाहुणा हात धुऊन येईपर्यंत पाट ठेवावा तशी.

तोवर बाबांचे कान गेले होते.
गन आपला हिस्सा हप्त्यानं घेते.
मी कॅनडा कॉर्नरला कानाची यंत्रं विकते.
दुकानातलं सगळ्यात महाग त्यांना बसवलं;
ते खिशात ठेवतात, किल्ल्यांबरोबर.

म्हसरूळच्या घरी त्या रविवारी
त्यांनी मला स्पीकरची जाळी काढायला लावली,
आतल्या काळ्या कागदावर पंजा सपाट टेकवला
आणि घड्याळाकडे बघत बसले,
प्रेशर टेस्टला बसायचे तसे.
एकोणिसाव्या मिनिटाला म्हणाले,
इथे एक माणूस कमी आहे.
मी बोटानं हो केलं.

एकेचाळीस झाली. हात तिथेच.
मी बटण बंद केलं, वायर गुंडाळली,
जाळी घेऊन समोर उभी राहिले.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
ने ओत्क्रिवात.