शेळीच्या उंचीचं झाड

कुणीतरी कुंपणापाशी सफरचंद खाल्लं
आणि उरलेला गाभा फेकून दिला.
एवढीच याची वंशावळ.
पुढचं काम बेर्तानं केलं,
यार्मिलाच्या शेळीनं.
दर वसंतात हे वर यायला बघायचं,
दर वसंतात ती कोंब खुडायची
दोर पुरेल तिथवर.
मग तिची लेक. तिचंही नाव बेर्ताच.
वीस वर्षांत उंची गुडघ्याएवढी
आणि बुंधा माझ्या मांडीएवढा.

यार्मिला मुलाकडे ओस्ट्राव्हाला गेली.
नवा मालक म्हणाला, इथे गाडी उभी राहणार,
हवं तर न्या, पण शनिवारच्या आत.

मार्च होता. माती वरून मऊ,
वीतभर खाली अजून थिजलेली.
पहार घेऊन व्होयत्येख आला,
ज्याचे पुढचे दोन दात
मी तेरा महिन्यांत ओळीत आणले होते.
मुळाखाली पहार सारत तो झाडाला म्हणाला,
दुखणार नाही हं,
थोडं ओढल्यासारखं वाटेल.
माझंच वाक्य. शब्दन् शब्द.

सोटमूळ करवतीनं कापलं.
लाकडी खोकं, लाव्हाची खडी, सुतळीनं घट्ट बांधणं,
आणि ओताकारची ताकीद:
दोन वर्षं हात लावायचा नाही.

हे सगळ्यात जड गेलं.
दवाखान्यात कुणाकडे मी दोन वर्षं
नुसती बघत बसले नव्हते.
सकाळी कॉफी घेऊन जायचे, बोट खडीत खुपसायचे,
ओल आहे का बघायचे,
आणि परत यायचे.

तिसऱ्या उन्हाळ्यात तार.
अडतीस वर्षं मी तारेनं सरळ करत आले,
आता तीच बोटं, तार जाड,
आणि काम उलटं.
मुलं निदान ओरडायची.
हे फक्त करकरतं, आणि ते करकरणं
कुठे थांबायचं ते सांगतं,
असं ओताकार म्हणतो.
मला नाही सांगितलं. डावीकडची फांदी
कच्‌कन मोडली,
आणि मी सवयीनं म्हणाले,
चूळ भर.

एका वर्षी बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं.
सहा आठवडे ओलोमोउत्सला.
परत आले तर फांदी फुगलेली,
तार सालीत रुतलेली.
पक्कडीनं तुकडे तुकडे करून काढली.
जखमेचा जिना राहिला, गोल गोल वर जाणारा.
भरेल, ओताकार म्हणाला, वीस वर्षांत.
मी एकाहत्तरची आहे, ओताकार.
त्यानं चष्मा पुसायला घेतला.

मेलेल्या खुंटावर जुनं ड्रिल चालवलं.
तोच आवाज, तोच जळका वास,
फक्त समोर कुणी डोळे मिटून बसलेलं नाही.
एका जागी मात्र थांबले.
तिथे बेर्ताचे दात होते,
कोणत्या बेर्ताचे कोण जाणे,
चार तिरके चरे, जुने, काळपट.
त्यांना हात लावला नाही.
काम चांगलं होतं.

मग उथळ निळसर कुंडी.
पानं शहाण्यासारखी लहान होत गेली,
पेरं आखडली.
फुलं मात्र ऐकेनात,
आणि फळ तर मुळीच नाही.
सातव्या वर्षी एकच धरलं,
बाजारात मिळतं तेवढंच मोठं,
जसं काही कुणी सांगितलंच नव्हतं त्याला
की तो वृक्ष नाही.
त्याच्या भारानं फांदी खाली आली,
माझ्या तारेनं आली नव्हती इतकी.

सप्टेंबरात व्होयत्येख आला, लेकीला घेऊन.
सात वर्षांची. दात आडवेतिडवे, एक पडलेला.
मी पाहिलं,
आणि काही बोलले नाही.
खाऊ? तिनं विचारलं.
ओताकारनं ऐकलं असतं तर
महिनाभर बोलला नसता माझ्याशी.
खा, म्हटलं.

तिनं बाजूच्या दातांनी चावा घेतला.
आंबट, ती म्हणाली, आणि पूर्ण संपवलं.
हे कुठे टाकू?

कुंपणापलीकडे फरशी आहे,
फरशीवर गाडी.
टाक तिकडे, मी म्हटलं.
जरा लांब.