रकाना क्रमांक अकरा

पंचायत समितीतून फॉर्म आला, तीन प्रतींत.
रकाना क्रमांक अकरा : गावाचा ऐतिहासिक वारसा.
खाली आखलेल्या चार ओळी,
चौथी झेरॉक्समध्ये अर्धी गेलेली.
ग्रामसेवक म्हणाला, ताई, तुमचं अक्षर बरं आहे.

तरखोल. घरं एकोणचाळीस, पैकी कुलूपबंद चौदा.
किल्ला नाही. लेणी नाहीत.
कुणी राजा इथं मुक्कामाला राहिला नाही.
एक कलेक्टर थांबला होता, ओहोटीत होडी रुतली म्हणून,
दोन तास,
आणि चिखलाला शिव्या देऊन गेला.
त्या शिव्या बाळकृष्ण घरत अजून म्हणून दाखवतो,
पणज्याकडून आलेल्या, अस्सल इंग्रजीत,
अर्थ ठाऊक नसल्यामुळे अगदी शुद्ध.
हे लिहायचं का?

मी टपाल सांभाळते. एकवीस वर्षं झाली.
गावात कोण कोण होतं
ते मला परत गेलेल्या पत्रांवरून कळतं.

एसटीच्या थांब्यावर बसायला जो गोल दगड आहे
तो घाणा आहे, रेउबेनच्या आजोबांचा.
शनिवारी बैल मोकळे, घाणा मुका,
म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे;
शुक्रवारी दिवेलागणीआधी बाटल्या घेऊन धावपळ,
विसरला त्याच्या घरी दोन दिवस कोरडी भाजी.
मग ते बोटीत बसले,
गाव ठेवून गेले, नाव घेऊन गेले.
आता अश्दोदच्या एका बिल्डिंगीत
सहा दारांवर तरखोलकर अशी पाटी आहे.
तरखोलात एकही नाही.

खाडीच्या अंगाला बांध आहे, पावणेदोन मैल.
माती, पेंढा, दगड, परत माती.
कुणी बांधला विचारलं
तर गावात बोट कुणाकडेच जात नाही.
जोळाची पद्धत होती :
ज्याचं शेत खारात, त्याचा माणूस बांधावर.
उधाणाच्या रात्री मशिदीच्या पायरीवरून
उस्मान हुर्जुक थाळा बडवायचा,
आणि घरत, म्हात्रे, तेली, हुर्जुक
कमरेइतक्या पाण्यात
एकमेकांच्या कोपरांत कोपर अडकवून उभे.
जात तेवढ्यापुरती पाण्याखाली.
(तेवढ्यापुरतीच. सकाळी विहिरी परत वेगळ्या.)

जोळाची वही माझ्या टपालाच्या कपाटात आहे,
कशी आली कुणास ठाऊक.
पुढची पानं मोडीत, ती मला लागत नाहीत.
मधली टाकाच्या शाईत, शेवटची बॉलपेननं,
आणि मग नुसत्या कोऱ्या पानांची वाळवी.
मधल्या एका पानावर, साल न घालता :

भाद्रपद अमावास्या. खांड पडली, वीस हात.
माणसे अडतीस. पेंढा सात भारे.
दरवाजा एक.

कुणाचा, ते नाही.
पेंढा कुणी दिला ते आहे, चहापाणी कुणी दिलं ते आहे.
दरवाजा नुसता एक.

ओहोटीला, उघाडीपासून चाळीस पावलांवर,
बांधाच्या पोटातून एक कडी बाहेर येते,
गंजून जांभ्याच्या रंगाची.
पोरं ओढून बघतात.
मीही ओढलेली आहे, चौथीत असताना.
आतून कुणी उघडत नाही.

आमच्या घराचं पुढचं दार
चौकटीपेक्षा बोटभर लहान आहे.
वारा सुटला की फटीतून शीळ वाजते.
आई म्हणायची, सुतार आंधळा होता मेला.

मागच्या खेपेला या रकान्यात
कुणीतरी निरंक लिहिलं होतं, सुरेख वळणात.
मी लिहिलं : दरवाजा, एक.
बघायला यायचं असल्यास ओहोटीची वेळ विचारून यावे.

तालुक्याहून परवा फोन आला.
नोंद अपुरी आहे, वस्तूची लांबीरुंदी कळवा.
आज टपाल लवकर वाटून आले.
शिवणाची टेप घेऊन
आमच्या चौकटीशी उभी आहे.