कच्चा रंग

गिरणीला टाळं लागलं तेव्हा बाबा रंगखात्यात मास्तर होते.
हाती आलेल्या रकमेत त्यांनी
सिमरोलच्या पुढे, घाट उतरायच्या जरा आधी
साडेचार एकर मुरूम घेतला.
खालची काळी जमीन गहू-सोयाबीनवाल्यांची,
हा उतार कुणालाच नको होता.
एक बकरीवाला थांबून म्हणाला,
"भिया, इथे काय दगड पेरणार?"

द्राक्षं.
आई म्हणाली, "खायची?"
"नाही. आंबवायची."
आठवडाभर तिने अबोला धरला,
आणि आठव्या दिवशी डबा बांधून
बसमध्ये तीच आधी चढली.

बाबा अजूनही थेंब घेत नाहीत.
कुणाला तरी दिलेला शब्द आहे,
कुणाला, ते सांगत नाहीत.
चव आईकडे.
आमटीचं मीठ बघावं तसा
तळहातावर घेते, डोळे मिटते,
"अजून जिभेला धरतंय. पाडव्यापर्यंत राहू दे."
पुष्कर हे वहीत उतरवतो
आणि बाटलीमागच्या कागदावर
त्याचं भलतंच काहीतरी छापून आणतो.
ते कागद चिकटवायचं काम माझं.

छाटणी गेंदाबाईची.
काडीवर दोन डोळे राखायचे, तिसरा उडवायचा;
तिची कात्री विचार करत नाही, थांबतही नाही.
पण पोहे खाल्ल्याशिवाय ती वेलीला हात लावत नाही.
"भूको हात घणो काटे," म्हणते.
एका ऑक्टोबरात मी उपाशी छाटलेली ओळ
दोन हंगाम रुसून होती.

टाकीला कुलपं दोन.
एक किल्ली आमची, दुसरी आबकारीच्या चौऱ्यांकडे.
चौऱ्यांच्या मुलीचं लग्न खंडव्याला,
रस आतल्या आत खदखदतोय,
आणि आम्ही चौघं टाकीला कान लावून बसलेलो,
बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे.

टाकी उघडली की बाबा मांजरपाट काढायचे.
गिरणीचा शेवटचा ताका,
निरोपाच्या दिवशी हातभर कापून आणलेला,
तुरटीच्या पाण्यातून काढून सावलीत वाळवलेला.
त्यावर एक थेंब. खाली साल, कॉपिंग पेन्सिलीने.
कुठे वांग्याच्या सालीचा,
कुठे जांभूळ खाल्लेल्या ओठाचा,
एक तर दौत लवंडल्यासारखा.
मधे एक चौकोन कोरा: गारपिटीचं साल.
त्या साली वेलींवर काहीच उरलं नव्हतं,
पण बाबांनी आकडा मात्र घातला.

पुष्करने ते कापड चौकटीत बसवून
पाहुण्यांच्या खोलीत लावलं, खिडकीसमोर,
चांगलं दिसावं म्हणून.

गेल्या माघात दिल्लीचे कुणी आले.
पेला कलता धरून, नाक आत घालून
विचारू लागले, ही बनवतं कोण?
पुष्कर जरा पुढे सरकला.
आईने ओला तळहात पदराला पुसला.
बाबांनी भिंतीकडे बोट केलं, आणि बोट तसंच राहिलं.
सगळे थेंब उडाले होते.
राखेचे डाग नुसते, पुसट, सारखेच.

पाहुणे हळहळले. बाबा नाही.
"द्राक्षाचा रंग कच्चाच. उन्हाला टिकत नाही.
पक्का रंग आम्ही गिरणीत द्यायचो."
"ती तरी कुठे टिकली," आई म्हणाली
आणि काजू आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चौकट उतरवली,
खिळे काढून कापड मांडीवर घेतलं.
चष्मा नव्हता. बोट फिरवत होते.
"हे पुष्करचं लग्न.
इथे गेंदाचा भेरूलाल विहिरीत उतरला, तो आलाच नाही.
हे पहिलं. व्हिनेगर झालं होतं, शेजारी लोणच्याला घेऊन गेले."
कोऱ्या चौकोनावर बोट थांबलं.
बराच वेळ.
"हे बघ," मला म्हणाले,
"हे जसंच्या तसं आहे."

आतून आईचा आवाज:
"घडी घाला आता ती. उजेड लागतोय."