खळ

पाषाणच्या लॅबमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
मी चिंचोके भाजते.
सालं निघतात, पांढरी डाळ उरते.
दळते, पाण्यात सोडते, मंद ढवळत राहते.
वहीत लिहिते : पॉलिसॅकराइड, नमुना सत्तेचाळीस.
वास मात्र थेट आमच्या अंगणातला,
जिथे आप्पा उकळत्या खळीत कुंचा बुडवून
ताणलेल्या लोकरीवरून फिरवायचे.
"घट्ट नको, पातळ नको.
बोटावरून सुटताना तिला जिवावर आलं पाहिजे."

आमच्याकडे त्याला यंत्र आहे. आकडा येतो.

बोधनकर सर म्हणतात, कोलंबीचं टरफल घ्या,
त्यावर ढिगाने काम झालंय.
घेतलं. गणेश पेठेतून पिशवीभर आणलं.
पीएमटीत शेजारची बाई उठून गेली.

ससूनला एकदाच गेले,
भाजलेल्यांच्या वॉर्डात, पट्टी बदलायच्या वेळी.
गॉज ओढला की
त्याला चिकटून काय काय येतं, ते पाहिलं.
पोरगी सात-आठ वर्षांची.
ओरडली नाही. नर्सचा बिल्ला वाचत राहिली,
एकेक अक्षर, सुटं सुटं.

परवा कढईने माझंच मनगट पोळलं.
सत्तेचाळीसचा एक तुकडा लावला वर, गार, काचेसारखा.
नियमात बसत नाही.
सकाळी नळाखाली धरलं, तर
कधी निघाला कळलंसुद्धा नाही.

आप्पांना फोनवर सांगितलं.
"मग? खळ धुतल्यावर जातेच की," म्हणाले,
"राहायला थोडीच लावतो आपण."

वहीत सत्तेचाळीसपुढची जागा
अजून कोरी आहे.