एकाला पंधरा

क्लेअर रोडच्या आतल्या बोळात, लाकडाच्या वखारीला टेकून
मुकादमांचं गॅरेज. बाकावर जुना पेपर,
पेपरवर कार्ब्युरेटर मांडलेले,
आणि मी, चष्मा कपाळावर सरकवून,
नारळवाल्यापुढं उभं राहावं तशी,
कुठला वाजवून बघू या विचारात.

पहिला माझ्याच फियाटचा. एकाहत्तरचा सोलेक्स.
अंगावर पिवळट राप, स्पिंडल ढिला,
पडायला आलेल्या दातासारखा बोटानं हलणारा.
दुसरा कोरा, दिल्लीहून आलेला, नकलेची नक्कल.
चकाकतो खरा, पण झाकणावरच्या नावात
एक अक्षर गाळलेलं.
मग कुर्ल्याच्या भंगारातली एसयूची जोडी.
"मजा येईल," मुकादम म्हणाले, "पळेल हरणासारखी.
पण जुळे भाऊ आहेत. एकाला सर्दी झाली की दुसरा शिंकणार,
दर महिन्याला माझ्याकडे यावं लागेल."
यावं, अशी त्यांची थोडी इच्छाही होती.

छत्तीस वर्षं मी नायरमध्ये भूल दिली.
हवेत किती ईथर, किती हॅलोथेन,
कुठल्या छातीला किती पुरतं,
हे बोटांना अजून पाठ आहे.
सांगितलं तर मुकादम हसले नाहीत.
"मग तुम्हाला काय शिकवायचं?
एकाला पंधरा. पेट्रोल एक, हवा पंधरा, वजनानं.
हवा कमी पडली तर धूर,
जास्त झाली तर खोकला."
आयुष्यभर मी याच हिशेबानं माणसं झोपवली,
आता एक गाडी उठवायची.

सोलेक्स उघडला. फ्लोट, सुई, पंपाचं वाळलेलं कातडं.
मुख्य जेट त्यांनी उजेडापुढं धरला
आणि बराच वेळ धरूनच राहिले.
भोक डाखलेलं होतं.
कुणीतरी शिशानं बुजवून
शिवणाच्या सुईनं पुन्हा टोचलेलं, निम्म्यानं बारीक.
"चौऱ्याहत्तरला पेट्रोल महागलं ना,
तेव्हा लोक करून घ्यायचे. माझे वडील करायचे.
सव्वा रुपया."
हा हात त्यांचाच का, मी विचारलं नाही.
त्यांनी डाखाच्या कडेवरून नख फिरवलं,
दोनदा.

ज्यांच्याकडून गाडी घेतली ते खारचे धुरंधर
म्हणाले होते, चढाला दम लागतो, वय झालं तिचं.
वय नव्हतं ते.
पन्नास वर्षं अर्ध्या श्वासावर चालली ती,
पेडर रोडचा चढ, कसारा घाट,
मागं चार मुलं, टपावर होल्डॉल,
आणि कुणाच्या तरी वहीत, महिन्याअखेर,
वाचलेले अकरा रुपये.

कोरा परत द्या म्हटलं. जुळे भाऊही.
"हाच ठेवू. स्पिंडलला पितळी बुश, जेट नवा."
"आणि हा?"
तो मी पर्समध्ये टाकला, सुट्या नाण्यांत.
आता कंडक्टरला पैसे देताना हाताला लागतो
आणि पाच रुपये समजून
मी तो अर्धा बाहेर काढते.

माझगावच्या लेथवाल्यानं नऊ दिवस घेतले.
दहाव्या दिवशी मुकादमांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं,
दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी.
मी सवयीनं घड्याळ बघितलं.
चोक ओढला. एकदा शिंकली, गप्प झाली.
परत तेच.
"डॉक्टरीणबाई, ऑपरेशन संपलं की
माणसाला तुम्ही उठवायचात कसं?"
नावानं हाक मारून.
"मग मारा की."

नाव नव्हतं तिला. धुरंधरांनी ठेवलंही असेल,
मला कुणी सांगितलं नाही.
म्हणून स्टेअरिंगवर वाकून,
कानाशी बोलावं इतक्या हळू
मी नंबरच म्हणाले: एमआरजे, चार शून्य सात.
आणि किल्ली फिरवली.

"प्लग उद्या काढून बघू," मुकादम ओरडून सांगत होते,
"बिस्किटाचा रंग यायला हवा!"
मी नाडी मोजत होते.
मिनिटाला आठशे, थोडी अनियमित.
काळजीचं कारण नाही.