खोट

ग्रासिएत बुचं निवडते.
बाटल्यांची बुचं, सरकत्या पट्ट्यावरून येणारी.
भोक दिसलं, चीर दिसली, की डाव्या हाताने बाजूला.
ऑगस्टपासून पट्ट्याचा वेग वाढवलाय.
किती, ते ती सांगत नाही.
झोपेतही तिचा डावा हात चालू असतो,
माझ्या खांद्याला लागतो. मी सरकून घेतो.

जेवताना मी बोलतो, वाटतं ती ऐकतेय.
मग कळतं, शब्दांतली चीर शोधतेय.
"'बघू' म्हणालास. 'बघू' म्हणजे?"
कोबीचं सूप खारट. दुआर्तचं अक्षर तिरकं.
माझ्या आईचा फोन नेमका नको तेव्हा.
सगळं डावीकडे.

भांडण असं झालं नाही. भांडायलाही वेळ लागतो.
मी पहाटे तीनला पावाच्या भट्टीवर,
ती सहाला उठते.
आमची गाठ पडते ती बहुतेक
सिंकमधल्या दोन उष्ट्या कपांची.

रविवारी मात्र दोउरोच्या काठी गेलो.
दुआर्तने पाण्यातून एक दगड आणून तिच्या हातात दिला,
भोकाभोकांचा, एका कडेला फुटलेला.
तिने तो फिरवून फिरवून पाहिला,
कडेवरून अंगठा फिरवला.
डावा हात वर उचलला.
मी नदीकडे बघत राहिलो.
पुढचं मला बघायचं नव्हतं.

परतताना गाडीत कुणीच बोललं नाही.
घरी तिचा कोट खुंटीला लावायला घेतला,
तर एका बाजूला ओढ.
उजवा खिसा
जड.